जिन्यातली दिवेवाली : लालबागच्या एका चाळीतलं चित्र-प्रकरण

आमच्या चाळीच्या जिन्यात पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधलं वळण सगळ्यात काळोखं. भर दुपारीसुद्धा तिथे कठडा धरूनच चढायचं. त्या कोपऱ्यात लोक थुंकायचे, माझ्या लहानपणापासून. आधी पान-तंबाखू, पुढे गुटखा. दर गणपतीला भिंतीला रंग मारायचा आणि दिवाळी यायच्या आत ती परत कमरेइतकी लाल.

आता त्याच भिंतीवर चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आहे. नाव ओळखीचं नसेल, पण चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं: एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड आणि त्या उजेडात उजळलेला बाईचा चेहरा. मूळ चित्र म्हैसूरला, जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात. आमच्याकडे आहे ती त्याची छापील प्रत, दोन फूट उंचीची, साध्या सागवानी चौकटीत.

शेजारच्या दोन मंडळांनी विचारलं, आम्हालाही असं काही करायचंय, कसं केलंत ते सांगा. तोंडी सांगताना चुका गाळल्या जातात, म्हणून सगळं लिहून काढते आहे. मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. जन्म याच चाळीतला. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते.

आधी भिंतींवर काय होतं

चाळ तळमजला अधिक तीन. एका मजल्यावर वीस खोल्या, दोन टोकांना सार्वजनिक संडास, समोर सलग गॅलरी. माझ्या आठवणीत एकेका खोलीत दहा-बारा पुरुष राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायला जागा पुरायची. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच चटईवर आडवा. बहुतेक कोकणातले, थोडे घाटावरचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या चाळीतल्या बहुतेक घरांच्या दृष्टीने तो संपलाच नाही. कोणी गावी गेले, कोणी विरार-नालासोपाऱ्याला. जे राहिले त्यांची मुलं आज कुरिअर, सिक्युरिटी, बँकेतली कंत्राटी नोकरी, केटरिंग असं काहीबाही करतात. गणपतीच्या कारखान्यात काम करणारेही दोघे आहेत.

इथून भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय चालत जाता येईल इतकं जवळ. १८७२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची, बसने अर्धा-पाऊण तास. चाळीतली माणसं तिथे जात नाहीत. लोक म्हणतात, कामगारवस्तीत चित्राची आवड नसते. हे मला कधीच पटलेलं नाही. आवड नसती तर दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एक खिळा मारायलाही जागा शोधावी लागते, तिथे चित्रं लागलीच नसती. आमच्याकडे प्रत्येक खोलीत होती. फरक एवढाच की ती कॅलेंडरवरून आलेली. वर्ष संपलं की खालच्या तारखा कापायच्या आणि वरचं चित्र चौकटीत घालायचं.

काम सुरू करण्याआधी मी घरोघर फिरून एवढंच विचारलं, हे दिवेवालीचं चित्र तुमच्याकडे कधी होतं का? पाच घरांत ते होतं किंवा पूर्वी होतं. एका घरात तर अजून आहे, देव्हाऱ्याच्या वर, तेलकट काचेमागे. एका घरात ते वाण्याच्या कॅलेंडरवर आलं होतं, बाकीच्यांना आठवत नव्हतं. पाचांपैकी एकालाही चित्रकाराचं नाव ठाऊक नव्हतं. तिघांनी ठामपणे सांगितलं, रविवर्माचं.

म्हणजे चित्र चाळीत आणायचं कामच नव्हतं, ते कधीच आलेलं होतं. आलं नव्हतं ते त्याच्यासोबतचं नाव.

पहिला प्रयत्न : फ्लेक्स

सुरुवात माझ्याकडून झाली नाही. मंडळाच्या पोरांनी दिवाळीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स करायचं ठरवलं आणि नेहमीच्या राजकीय चेहऱ्यांऐवजी कोणीतरी सुचवलं, ते दिवेवालं चित्र टाकूया. कल्पना चांगली होती. नेटवरून चित्र उतरवलं, छपाईवाल्याला पाठवलं, रात्रीतून आठ फुटी फ्लेक्स गेटवर चढला.

सकाळी दूध आणायला गेले आणि बघतच राहिले. दिव्याच्या जागी पांढरा भाजलेला डाग. चेहरा केशरी. बोटांच्या कडांवरचा तांबूस उजेड, ज्याच्यासाठी ते चित्र आहे, तो पार गायब. खाली कोपऱ्यात छापलेलं : ‘चित्रकार – राजा रविवर्मा’.

संध्याकाळच्या बैठकीत मी विषय काढला. खजिनदार म्हणाले, “मॅडम, सगळीकडे असंच लिहिलेलं असतं.” ते खोटं बोलत नव्हते. सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. त्यामागे कारणही आहे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून रंगीत छपाई व्हायची. त्या छपाईतून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती सामान्य माणसाच्या घरात आल्या, आणि नऊवारीतली सुंदर बाई दिसली की ती रविवर्म्याची, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत झाली. त्यात म्हैसूरच्या ज्या दालनात दिवेवाली आहे, तिथेच रविवर्म्यांचीही चित्रं आहेत. बघणाऱ्याची गल्लत होते.

हे सगळं मी सांगत होते, पण बैठक थंडच होती. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी, जी तिथे नुसती चकली खायला आली होती, तिने विचारलं, “टीचर, रविवर्मा कधी गेले?” मी सांगितलं, १९०६. चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची लेक गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. त्या कोल्हापूरला २०१८ साली वारल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. मुलीने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, “म्हणजे रविवर्मा गेले तेव्हा ही जन्मलीच नव्हती.” यापुढे कोणाला काही बोलायचं राहिलं नाही. चित्र साधारण १९४५-४६ चं मानलं जातं. रविवर्म्यांना जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

फ्लेक्स त्याच रात्री उतरवला. पोरांचा हिरमोड झाला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण सुचलं त्यांनाच होतं. पण चुकीचं नाव आठ फूट मोठं करून गेटवर टांगणं मला सहन होणारं नव्हतं. ज्या माणसाने पन्नासहून जास्त वर्षं मुंबईत राहून चित्रं काढली, १९०८ मध्ये स्वतःची चित्रशाळा काढून मुलांना शिकवलं, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांत जो होता, त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र त्याच्याच शहरात दुसऱ्याच्या नावावर खपतंय.

फ्लेक्समध्ये आणखी एक चूक होती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या वकिली शिकलेल्या मुलीने दाखवली. हळदणकर १९६८ साली गेले. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो आणि ती पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे २०२८ च्या अखेरपर्यंत. नेटवरून उचलून छापणं आणि त्यावर मंडळाचे फोटो चिकटवणं योग्य नव्हे. म्हणून पुढे छापायचं नाही, विकत मिळणारी प्रत घ्यायची असं ठरलं. तळमजल्यावरचं एक कुटुंब म्हैसूरला फिरायला निघालं होतं, त्यांनी येताना गुंडाळी करून आणली.

जागा

यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

माझ्या मनात मंडळाचं कार्यालय होतं. कोरडी खोली, कुलूप, ट्यूबलाइट. चित्र आठवडाभर तिथे लावलंही. कोणी आलं नाही. येणार कसं? कार्यालय उघडतं रात्री नऊला, तिथे बसतात पुरुष, चाळीतली एकही बाई बैठक असल्याशिवाय तिथे पाऊल टाकत नाही. ज्यांच्या घरात ते चित्र होतं त्या बाया, आणि त्यांच्यासाठीच ते बंद.

मग सेक्रेटरींनी जिन्याचा कोपरा सुचवला. त्यांचं कारण सरळ होतं. मुंबईत जिन्याच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या टाइल्स बसवतात ते सगळ्यांना माहीत आहे: साईबाबा, गणपती, मक्का, क्रॉस, एका ओळीत. लोकांनी थुंकू नये म्हणून. “टाइल्सपेक्षा ही बाई बरी. देवीसारखीच दिसते. कोण थुंकेल?”

मी विरोध केला. चित्राला राखणीला बसवायचं हे मनाला पटेना, आणि देवी म्हणून लावणं म्हणजे पुन्हा खोटं नाव लावण्यासारखंच. दोन बैठका यावर गेल्या. शेवटी मी रविवारी सकाळी सहा ते नऊ त्या वळणावर स्टूल टाकून बसले. पाण्याच्या कळश्या, दुधाच्या पिशव्या, शाळेच्या रविवारच्या जादा तासाला जाणारी मुलं, रात्रपाळीहून परतणारा सिक्युरिटीवाला, गुडघे धरत चढणारी म्हातारी. वळणावर प्रत्येकजण थांबतो. तिथे पायऱ्या तिरक्या आहेत, वजन या हातातून त्या हातात घ्यावं लागतं. चाळीत अशी दुसरी जागा नाही जिथे प्रत्येक माणूस रोज दोन-चार क्षण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

मी होकार दिला. अटी दोन: उजेड नीट हवा आणि नावाची पट्टी हवी.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इतर मंडळांची चूक इथेच होणार. जिन्यात पांढरा एलईडी होता, बाजारात ज्याला कूल डे लाइट म्हणतात तो, साडेसहा हजार केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). त्याखाली चित्र निळसर, आजारी दिसायचं. आम्ही सत्तावीसशे केल्व्हिनचा पिवळसर दिवा घेतला, पाच वॅटचा, आणि चित्राच्या वर दीड फुटावर, थोडा पुढे काढून लावला. त्यावर पत्र्याचं टोपण ठोकलं, म्हणजे वर चढणाऱ्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं: पडलं तरी पायऱ्यांवर काचा नकोत. उंची नेहमीपेक्षा कमी ठेवली, कारण लोक खालच्या पायऱ्यांवरून बघत येतात आणि अर्धे प्रेक्षक चार फुटांखालचे आहेत. भिंतीला ओल असते म्हणून चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले, बोटभर हवा खेळती राहावी एवढे. दिव्याचं बिल जिन्याच्या सार्वजनिक मीटरवर.

पट्टीवर एवढंच लिहिलं : ‘चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म सावंतवाडी, १८८२. जलरंग. मूळ चित्र म्हैसूर येथे. चित्रात त्यांची मुलगी गीता.’

बोटांच्या कडा

पहिल्या पंधरा दिवसांत जे ऐकलं ते वहीत टिपून ठेवलं आहे.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा एकजण दुसऱ्या मजल्यावर राहतो. हंगामात दिवसाला कितीतरी मूर्तींचे डोळे त्याच्या हाताखालून जातात. तो दोन पायऱ्या खाली उतरून, मग दोन वर चढून, बराच वेळ बघत होता. म्हणाला, “दिवा खालून आला की तोंड भुतासारखं दिसतं. हिचं दिसत नाही.” मी विचारलं का, तर त्याने आपलाच तळवा पुढे धरला. हात ज्योतीच्या पुढे आहे, आपल्या बाजूने. त्यामुळे आपल्याला ज्योत बोचत नाही आणि सगळा उजेड तिच्याकडे वळतो. हाताने दिवा झाकलाय आणि त्याच हाताने चेहरा उजळलाय. मी इतकी वर्षं मुलांना हे चित्र दाखवत आले, पण हे इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग मी त्याला जलरंगाची गंमत सांगितली. तैलरंगात चुकलं तर वरून पांढरा मारता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे रंग लावायचाच नाही, बाकीचा अंधार हळूहळू, पातळ थरांनी चढवत न्यायचा. एकदा रंग पडला की कागदाचा तो पांढरा परत मिळत नाही. तो म्हणाला, “आखणीचंही तसंच. बुबुळ हललं की मूर्ती गेली.”

मुलांनी स्वतःच एक खेळ शोधला. मोबाइलचा टॉर्च तळव्यामागे धरायचा आणि भिंतीवरच्या बोटांशी आपली बोटं ताडून बघायची. कडा लाल होतात. का होतात, हेही त्यांनीच विचारलं. आपलं रक्त आणि मांस निळा-हिरवा उजेड गिळून टाकतं, तांबडा बराचसा आरपार येतो. हळदणकरांनी हे पाहिलं आणि कागदावर उतरवलं. वर्गात बोर्डावर लिहून हे कधी इतकं पोहोचलं नव्हतं, जितकं जिन्यात अंधारात उभं राहून पोहोचलं.

आणि साचेखात्यातले एक आजोबा. वडिलांच्याच गिरणीतले, आता नव्वदीच्या पुढचे. त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी वळणापर्यंत आणलं. ते चित्राकडे बघून एवढंच बोलले की संपाच्या दुसऱ्या वर्षी खोलीचं मीटर काढून नेलं होतं, तेव्हा त्यांची बायको रात्री गॅलरीतून संडासापर्यंत रॉकेलची चिमणी घेऊन जायची, अशीच, वारा लागू नये म्हणून हात धरून. “तिच्या या बोटांना पुढे चट्टा पडला होता.” त्यांनी स्वतःच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधली जागा दाखवली. चिमणीला काच नव्हती.

सिक्युरिटीवाला मुलगा पहाटे चारला परततो. त्याने एकदाच सांगितलं की तो वळणावर थांबून बूट काढतो आणि मग वर जातो, खोलीतली माणसं उठू नयेत म्हणून. पूर्वी दाराशी काढायचा.

थुंकण्याचं म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात त्या कोपऱ्यात थांबलं. पण तिसऱ्या मजल्याच्या वळणावर वाढलं. हे लपवण्यात अर्थ नाही. चित्राने माणसाची सवय मोडली नाही, जागा बदलली. म्हणून ज्या मंडळांना स्वच्छतेसाठी चित्र लावायचं आहे त्यांना मी स्पष्ट सांगते, त्यासाठी लावू नका, झाडूवाल्याचा पगार वाढवा.

कुंकू

तिसऱ्या शुक्रवारी ॲक्रिलिकवर, बरोबर तिच्या कपाळाच्या जागी, हळद-कुंकू लागलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी खाली उदबत्ती. रविवारी झेंडूचा हार.

मी अस्वस्थ झाले. ज्याची भीती होती तेच झालं असं वाटलं. पट्टीवर ‘मुलगी गीता’ असं ठळक लिहूनही लोकांनी देवी केलीच. मी कुंकू पुसलं. सोमवारी परत लागलं होतं. पुन्हा पुसलं. मग मला कळवण्यात आलं की “टीचर कुंकू पुसतात” अशी कुजबुज सुरू झाली आहे, आणि चाळीत या वाक्याचा अर्थ काय होतो ते मी इथे समजावून सांगायला नको.

कुंकू कोण लावतं ते कळायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजी, सावंतवाडीकडच्याच. त्यांच्या दारात जाऊन बसले, चहा झाला, आणि मी सांगितलं, आजी, ती देवी नाही हो. चित्र काढणारा तुमच्या भागातला माणूस, आणि ती त्याची लेक. दिवाळीत दिवा घेऊन उभी होती, वडिलांना ते दिसलं आणि त्यांनी तिला पुन्हा तसंच उभं राहायला सांगून चित्र काढलं.

आजी म्हणाल्या, “सावंतवाडीचो? मगे इतकी वर्सां ह्या कोणी सांगूक कसा नाय?”

मग थोडं थांबून, “लेक ना ती कोणाची? मगे लेकीक कुकू लावूक नको?”

मी गप्प झाले. मला वाटत होतं कुंकू म्हणजे देवी. आमच्याच घरात आई, दारात आलेल्या प्रत्येक माहेरवाशिणीला कुंकू लावल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही, ते मी विसरले होते. आजींनी पट्टी वाचली नव्हती, त्यांना वाचता येत नाही. पण त्यांनी तिला देवीही केलं नव्हतं. आपल्या जिन्यात आलेली कोणाची तरी लेक आहे, एवढं त्यांना चित्र बघूनच कळलं होतं. मी माझ्या पट्टीच्या भरवशावर बसले होते, ती पट्टी न वाचता त्या माझ्याइतक्याच जवळ पोहोचल्या होत्या.

तोडगा त्याच दिवशी निघाला. कुंकू लावायचं ते चौकटीच्या खालच्या लाकडी पट्टीवर, ॲक्रिलिकवर नाही, कारण ते पुसताना ओरखडे पडतात. उदबत्ती नाही, धुराची काजळी बसते. हार नाही, फुलांची ओल आत जाते. आजींना हे सगळं पटलं, कारण सगळी कारणं चित्र टिकण्याची होती. इतर बायकांना त्यांनीच सांगितलं. आणि नाव वाचता न येणाऱ्यांसाठी मी एक केलं: येता-जाता ज्यांना सवड असेल त्यांना ते तोंडी सांगायचं. ते काम आता सहावीतली ती मुलगी करते. तिला “हळदणकर” म्हणायला आवडतं.

पावसाळा

मे अखेरीला मी प्रत उतरवायला सांगितली. या इमारतीच्या भिंती पावसात घाम फुटल्यासारख्या पाझरतात. चार महिने तिथे ठेवली असती तर कागदावर बुरशीचे ठिपके आलेच असते. एका वर्षी कार्यालयातल्या शिवाजी महाराजांच्या चित्राचं असंच झालं होतं. चौकट सोडवून कागद कोरडा केला, सुती कापडात गुंडाळून माझ्या कपाटात वरच्या खणात ठेवला.

उतरवताना एक चूक केली. दिवाही काढला. विजेची बचत असा विचार. चार दिवसांत तीन तक्रारी: वळणावर पुन्हा काळोख झाला, कळशी सांडली, म्हातारी घसरता घसरता वाचली. जिन्यातल्या पाच वॅटच्या दिव्यासाठी याआधी कोणी अर्ज केला नव्हता, कारण तिथे इतका उजेड असू शकतो हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. आम्ही दिवा परत लावला, रिकाम्या भिंतीवर. चार महिने तिथे नुसता पिवळा चौकोन होता. त्या काळात दोन डाग पडले. कोणी टाकले कळलं नाही, कोणी धुतले तेही कळलं नाही. मी धुतले नव्हते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चित्र परत चढलं.

दुसऱ्या मंडळांनी काय वेगळं करावं? फ्लेक्सच्या फंदात पडू नका. आधी घरांत फिरून विचारा की कोणतं चित्र लोकांकडे आधीपासून आहे, परकं चित्र आणून लावण्यापेक्षा ते लावा. मी आणखी एक करायला हवं होतं: पट्टी लिहिण्याआधी आजींशी बोलायला हवं होतं, नंतर नव्हे. मग ‘टीचर कुंकू पुसतात’ हे ऐकावं लागलं नसतं.

चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, आहे आणि पुनर्विकासाचं बोलणं आता पक्कं होत आलंय. बिल्डरच्या माणसांनी इमारतीतल्या सामाईक वस्तूंची यादी मागितली. सेक्रेटरींनी ती स्वतःच्या हाताने लिहिली आणि मला तपासायला दिली. पाण्याचे पंप दोन, सिंटेक्सच्या टाक्या चार, गणपतीचा चौरंग एक, सतरंज्या बारा, लोखंडी खुर्च्या चाळीस. सहावी नोंद : ‘चित्र एक, चौकटीसह, दिव्यासह. चित्रकार सा. ल. हळदणकर, सावंतवाडी.’ त्यांनी ‘हळदणकर’मधला ळ आधी ल लिहिला होता, तो खोडून वर ळ केलेला दिसत होता.